मोठेपणी पार्टनर डान्स शिकताना: बडोद्यातल्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न

शनिवार-रविवारच्या संध्याकाळी मी बडोद्यात मोठ्या माणसांना साल्सा, बचाटा, चाचाचा, वॉल्ट्झ शिकवते. नवी बॅच सुरू व्हायच्या आधी फोनवर आणि पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या अनुभवातली आणि माझ्या मतांची आहेत. दुसरे शिक्षक काही बाबतीत वेगळं सांगतील.

चाळिशी उलटली, पन्नाशी आली. आता उशीर झाला का?

नाही. स्पर्धेत उतरायचं असेल तर वयाचा विचार करावा लागतो, पण लग्नात, पार्टीत, मित्रमंडळींत आनंदानं नाचायचं असेल तर पन्नाशीत सुरू केलेलंही पुरतं. सत्तरीच्या जवळ आलेली माणसं माझ्याकडे शिकतात आणि पाय मोजून न टाकता नाचतात.

मोठ्या माणसांची अडचण वयापेक्षा सवयीची असते. आपल्याला आधी सगळं समजून घ्यायचं असतं आणि मग पाऊल टाकायचं असतं. नाचात पाऊल आधी पडतं, समज मागून येते. बँकेत, शाळेत, ऑफिसात वर्षानुवर्षं जबाबदारीची कामं केलेल्या माणसाला दहा जणांसमोर चुकीचा पाय पुढे आला की कानकोंडं होतं. ही लाज पहिल्या काही वर्गांत जाते, कारण सगळ्यांचेच पाय चुकत असतात आणि जो तो स्वतःच्या पायांकडे बघत असतो.

मेंदूला फायदा होतो का, असंही विचारतात. २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये न्यूयॉर्कमधल्या पंच्याहत्तरीपुढच्या लोकांचा एक अभ्यास आला होता. त्यात शारीरिक हालचालीच्या छंदांपैकी फक्त नाचाचा स्मृतिभ्रंशाच्या कमी जोखमीशी संबंध दिसला. त्यावरून नाच म्हणजे औषध असं कुणी समजू नये. पण चाल, तोल, ताल आणि समोरच्या माणसाचा अंदाज या चारही गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, हे खरं आहे.

गरबा चांगला येतो. त्याचा उपयोग होतो का?

खूप होतो, आणि हे मी कौतुकानं सांगते. दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात वाढलेली आपली मराठी मुलं भोंडल्याची गाणी म्हणता म्हणता गरब्याच्या रिंगणात शिरलेली असतात. त्यांच्या पायात ताल असतो, गर्दीत कुणाला धक्का न लावता पुढे सरकायची सवय असते आणि दोन-दोन तास न थांबता नाचायचा दमही असतो. गरबा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं फिरतो. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप हे बॉलरूम नाचही हॉलमध्ये त्याच दिशेनं फिरतात. त्या फिरण्याच्या वाटेला ‘लाइन ऑफ डान्स’ म्हणतात. पुण्या-मुंबईहून आलेल्यांना ही दिशा पुन्हा पुन्हा सांगावी लागते, बडोदेकरांना सहसा लागत नाही.

अडतं दोन ठिकाणी. गरब्यात आपण टाळीवर, म्हणजे हातांनी ताल दाखवतो. पार्टनर डान्समध्ये हात दुसऱ्याच्या हातात असतात, म्हणून ताल पायांत आणि शरीराच्या वजनात उतरवावा लागतो. दुसरं म्हणजे उडी. गरब्यात पाय उचलून, हलकी उसळी घेऊन नाचायची सवय असते. साल्सा आणि रुंबात पाय जमिनीला धरून सरकतात, खांदे वरखाली होत नाहीत. ही उसळी मोडायला चांगल्या गरबेकरांना सुरुवातीला जरा जड जातं. पुढे मात्र तेच सगळ्यात लवकर पुढे जातात.

बॉलरूम, लॅटिन, नाइटक्लब म्हणजे नेमकं काय वेगळं?

बॉलरूममध्ये पाच नाच येतात: वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप. जोडी एकमेकांना धरून हॉलभर फिरते. इंग्लंडमधल्या शिक्षकांनी १९२० च्या दशकात यांतल्या बहुतेकांच्या पावलांची, धरण्याची, लयीची नीट मांडणी केली, आणि आजही जगभर स्पर्धांमध्ये तीच चालते. वॉल्ट्झ तीन मात्रांचा, मिनिटाला साधारण ८४ ते ९० बीटचा. व्हिएनीज वॉल्ट्झ त्याच्या दुप्पट वेगानं जातो, म्हणून तो सुरुवातीला शिकवत नाहीत.

लॅटिनमध्येही पाच: सांबा, चाचाचा, रुंबा, पासो डोब्ले आणि जाइव्ह. नाव लॅटिन असलं तरी सगळे एका घरचे नाहीत. सांबा ब्राझीलचा, रुंबा आणि चाचाचा क्युबाचे. चाचाचाची चाल एन्रिके होरिन या क्युबन संगीतकारानं १९५० च्या सुरुवातीला रूढ केली. जाइव्ह अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या स्विंगमधून आला आणि पासो डोब्लेमध्ये स्पेनच्या बैलझुंजीचा आव असतो.

तिसरा गट क्लबमध्ये आणि सोशलमध्ये, म्हणजे सगळ्यांनी जमून नुसतं नाचायच्या संध्याकाळी, नाचले जाणारे नाच: साल्सा, बचाटा, मेरेंगे, हसल, वेस्ट कोस्ट स्विंग, नाइटक्लब टू-स्टेप. यातले बरेच नाच परीक्षा-स्पर्धांसाठी घडलेले नाहीत. ते रस्त्यावर, घरांत, छोट्या हॉलमध्ये वाढले. साल्सा क्युबन आणि पोर्टोरिकन संगीतावर न्यूयॉर्कमध्ये घडला, बचाटा डोमिनिकन रिपब्लिकचा, हसल १९७० च्या दशकातल्या न्यूयॉर्कचा. बचाटाच्या संगीत आणि नाचाला २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, आपल्या गरब्याला २०२३ मध्ये.

मग आधी कुठला शिकू?

लवकर नाचायला लागायचं असेल तर बचाटा किंवा मेरेंगे. मेरेंगे म्हणजे तालावर चालणं, पहिल्या अर्ध्या तासात जमतं. बचाटात तीन पावलं आणि चौथ्याला टॅप, म्हणजे वजन न टाकता पाय नुसता टेकवायचा, तेही सोपं. साल्साची गाणी वेगवान असतात, मिनिटाला १८० बीटच्या आसपासची कितीतरी, म्हणून त्याला जास्त महिने लागतात. पण सोशलमध्ये साल्सा सगळ्यात जास्त वाजतो, तेव्हा तो टाळता येत नाही.

माझा स्वतःचा आग्रह विचाराल तर पहिले काही वर्ग वॉल्ट्झ घ्या, पुढे काहीही नाचायचं असलं तरी. वॉल्ट्झमध्ये लपायला जागा नसते. संथ लय, दोघांनी मिळून चालणं, आणि वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर पूर्ण नेणं. ज्याला चालता आलं त्याला बाकीचं येतं. आमच्याकडे लोक टर्न मोजतात, किती फिगर, म्हणजे ठरलेल्या चाली, येतात ते मोजतात. मला त्यापेक्षा दोन माणसं एकत्र चार पावलं नीट चालतात का, हे बघायला आवडतं.

पार्टनर नाही. एकट्यानं आलं तर चालेल?

चालेल. निम्म्याहून जास्त लोक एकटेच येतात. वर्गात दर थोड्या मिनिटांनी ‘पार्टनर बदला’ असं सांगतो. त्याला रोटेशन म्हणतात, आणि शिकायला तेच बरं. एकाच माणसाबरोबर नाचलात तर त्याच्या चुकांची सवय लागते आणि दुसऱ्याबरोबर हात धरला की सगळं विसरायला होतं. जोडीनं आलेल्यांना आपसातच राहायचं असेल तर आम्ही जबरदस्ती करत नाही, पण थोडं तरी बदलून बघा असं सांगतो.

परक्या माणसाचा हात धरायचा, जवळ उभं राहायचं. घरी काय सांगू?

हा प्रश्न बहुतेक वेळा शेवटी, आवाज खाली करून विचारला जातो. म्हणून मी तो मोठ्यानं आणि सविस्तर घेते.

संकोच वाटणं आपल्याकडचंच आहे असं नाही. १८१६ साली राजवाड्याच्या बॉलमध्ये, म्हणजे नाचाच्या समारंभात, वॉल्ट्झ नाचला गेला तेव्हा लंडनच्या ‘द टाइम्स’नं तो अश्लील ठरवून अग्रलेख लिहिला होता. आज तोच वॉल्ट्झ आजी-आजोबांचा नाच समजला जातो. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली. तेव्हा गाणं-बजावणं घरंदाज माणसानं शिकावं का, यावर कुरकुर होतच असे. आज सूरसागराकाठच्या त्याच संगीत कॉलेजात मुलीला नाच शिकायला घालताना आपण दोनदा विचार करत नाही. नजर बदलायला वेळ लागतो, पण बदलते.

आता प्रत्यक्षातलं. बॉलरूममध्ये लीडचा (चाल सुचवणाऱ्याचा) उजवा हात फॉलोच्या (ती चाल ओळखून नाचणाऱ्याच्या) डाव्या खांद्याच्या पात्यावर, पाठीच्या वरच्या भागावर असतो. कमरेवर नसतो. साल्सा बहुतेक वेळ फक्त बोटांच्या पकडीत, हाताच्या अंतरावरून नाचता येतो. बचाटात जवळ येऊन नाचायची पद्धत आहे, पण ती ऐच्छिक आहे. फॉलोनं कोपर थोडं ताठ ठेवलं की अंतर राहतं, आणि समोरच्यानं ते समजून घ्यायलाच हवं. वर्गात मी पहिल्याच दिवशी सांगते: अंतर फॉलो ठरवणार. कुणाचा हात जिथे नको तिथे गेला तर तिथल्या तिथे थांबा आणि मला सांगा. नाच अर्धा राहिला तरी हरकत नाही.

घरच्यांना सांगण्यापेक्षा दाखवा. आई, सासूबाई, नवरा, बायको, ज्यांना शंका असेल त्यांना एक दिवस वर्गात आणून खुर्चीवर बसवा. घामानं भिजलेली, ‘फाइव्ह सिक्स सेव्हन’ पुटपुटत पायांकडे बघणारी माणसं पाहिली की बहुतेकांची शंका फिटते.

लीड आणि फॉलो म्हणजे काय? बाईनं कायम फॉलोच करायचं का?

लीड म्हणजे पुढे काय करायचं ते सुचवणारा, फॉलो म्हणजे ते ओळखून पूर्ण करणारा. परंपरेनं पुरुष लीड आणि बाई फॉलो. पण तसा नियम आमच्याकडे नाही. वर्गात बायका जास्त आल्या की काही जणी लीड शिकतात आणि पुढे आवडीनं तेच करतात. दोन्ही थोडं थोडं यावं असं मला वाटतं, कारण फॉलो केल्याशिवाय आपण समोरच्याला किती ओढतोय ते कळत नाही.

मंगळागौरीला फुगडी घातली असेल तर हे पटकन समजेल. हात धरून दोघी मागे झुकतात, तोल दोघींचा मिळून असतो, एकीनं अंग सैल सोडलं की दुसरी पडते आणि एकीनं ओढलं की फिरणं मोडतं. पार्टनर डान्समधली पकड तशीच, फक्त जोर पुष्कळ कमी. हात लुळा नको आणि ताठही नको.

लीडची सगळ्यात मोठी खोड अंगठ्यात असते. घाबरलेला माणूस फॉलोच्या हातावर अंगठा दाबून धरतो. टर्न देताना तिचं मनगट फिरायला जागाच राहत नाही, वर्ग संपेपर्यंत हाताला लाल वळ उमटतो. म्हणून मी सुरुवातीला अंगठा वापरूच देत नाही. चार बोटं हुकासारखी वाकवायची, फॉलोनं त्यावर बोटं टेकवायची, आणि त्या एवढ्याशा आधारावर हॉलभर चालायचं. गाणं नाही. थोड्या वेळानं फॉलोला डोळे मिटायला सांगते. लीडनं नुसता हात पुढे ढकलला तर तिला काही कळत नाही. त्यानं स्वतःचं पूर्ण वजन पुढच्या पायावर नेलं तर तिचा पाय आपोआप मागे जातो. ज्या क्षणी हे दोघांना कळतं त्या क्षणी चेहऱ्यावर दिसतं. पुढचे कित्येक महिने आम्ही त्याच गोष्टीवर काम करत राहतो.

मला तालच सापडत नाही.

तो ऐकायचा सराव लागतो, पाय नंतर. घरी भाजी निवडताना किंवा स्कूटर पार्क करून दोन मिनिटं उभं राहून एक गाणं लावा आणि फक्त ‘एक’ कुठे येतो ते बोटानं टिपा. तबला किंवा पेटी शिकला असाल तर सम शोधायची सवय इथे थेट कामी येते. साल्सा आठ काउंटचा, त्यात पावलं १, २, ३ आणि ५, ६, ७ वर पडतात, ४ आणि ८ ला थांबायचं. केरव्याच्या आठ मात्रा ज्यांच्या अंगात आहेत त्यांना आठ मोजणं जड जात नाही. जड जातं ते थांबणं.

साल्सात ‘ऑन वन’ आणि ‘ऑन टू’ असे दोन प्रकार ऐकाल. पहिल्यात दिशा बदलणारं पाऊल १ वर येतं, दुसऱ्यात २ वर. नव्यानं शिकताना एकच धरा, पहिलं वर्ष दोन्हींची खिचडी करू नका.

हिंदी-मराठी गाण्यांवर नाचता येतं का?

येतं. दादऱ्यातल्या सहा मात्रा तीन-तीन करून मोजल्या की वॉल्ट्झची पावलं बसतात, आणि जुन्या हिंदी सिनेमातली कितीतरी गाणी सरळ वॉल्ट्झच्याच ठेक्यात आहेत. साल्सासाठी मात्र मूळ संगीत ऐका. क्लावे (दोन लाकडी दांड्यांचा ठेका), कोंगा (हातांनी वाजवायचे उंच ढोल) आणि पियानो यांची गुंफण ऐकल्याशिवाय त्या नाचाची गोडी लागत नाही.

किती दिवसांत येईल?

आठवड्याला दोन वर्ग आणि घरी रोज दहा मिनिटं धरली तर दोन-तीन महिन्यांत एका नाचाचं बेसिक, एक-दोन टर्न आणि अनोळखी माणसाबरोबर एक गाणं पार पाडण्याइतका धीर येतो. सहज नाचता यायला वर्ष लागतं. लीडला सुरुवात कठीण जाते कारण त्याला ताल, पाऊल आणि पुढची चाल तिन्ही बघायची असतात. फॉलोला पहिले महिने सोपे वाटतात, नंतर कस लागतो.

महिन्याभरात लग्न आहे, संगीतला कपल डान्स करायचाय.

करता येईल, पण ते नाच शिकणं नव्हे, एक गाणं बसवणं आहे. तीन मिनिटांपेक्षा लांब गाणं घेऊ नका, उचलून फिरवायचा हट्ट सोडा, आणि लेहंगा-शेरवानी घालून किमान दोनदा सराव करा. पदर, दुपट्टा आणि लेहंग्याचा घेर यांनी ऐन वेळी बऱ्याच जणींचे पाय अडकतात.

बूट कुठले घालू? आणि फरशी?

पहिल्या दिवशी नवे बूट घेऊ नका. रबरी तळव्याचे स्पोर्ट्स शूज तेवढे टाळा. ते फरशीला चिकटतात, पाय जागेवर राहतो, अंग फिरतं आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. पुरुषांनी चामड्याच्या तळव्याचे जुने ऑफिसचे बूट आणावेत. बायकांनी मागे पट्टा असलेल्या, पायात घट्ट बसणाऱ्या चपला. नाचाच्या खऱ्या बुटांना स्वेडचा, म्हणजे खरखरीत चामड्याचा तळवा असतो. आवड पक्की झाली की ते घ्या, किंवा चांगल्या मोच्याकडून जुन्या बुटाला तसा तळवा लावून घ्या. ते बूट रस्त्यावर घालायचे नाहीत. गरब्यासारखं अनवाणी नाचायची सवय असेल तर बचाटाचं बेसिक जमेल, पण टर्न घेताना कातडी सोलते.

लाकडी फरशी सगळ्यात चांगली. आपल्याकडे ती क्वचित मिळते. कोटा दगडाची फरशी घासून गुळगुळीत झालेली असेल तर छान चालते. व्हिट्रिफाइड टाइल्सवर घाम सांडला की घसरायला होतं, म्हणून फडकं जवळ ठेवा. पाय सरकावेत म्हणून टाल्कम पावडर टाकणं आमच्याकडे बंद आहे. तुमचा पाय सरकतो आणि शेजारचा पडतो.

गुडघे दुखतात, कंबर धरते.

आधी डॉक्टरांना विचारा आणि मग मला सांगा, लपवू नका. वॉल्ट्झ, रुंबा संथ लयीत बहुतेकांना झेपतात. जाइव्ह, क्विकस्टेप, वेगवान साल्सा गुडघ्यांना जड. लॅटिनमधली कंबर मुद्दाम हलवायची नसते. एक गुडघा सरळ झाला आणि वजन त्या पायावर गेलं की ती आपोआप हलते. कंबर ओढूनताणून हलवणाऱ्यांचीच दुखते.

नवरा-बायको मिळून शिकतोय, पण वर्गात भांडणं होतात.

होतात, जवळजवळ सगळ्यांची. कारण एकच: एकमेकांना शिकवायला जाणं. वर्गात एकानं दुसऱ्याची चूक काढायची नाही, ती शिक्षकाकडे सोपवा. घरी सराव करताना एकेक गाणं ‘तुझं’ आणि ‘माझं’ असं वाटून घ्या. ज्याचं गाणं त्यानंच काय करून बघायचं ते ठरवायचं, दुसऱ्यानं फक्त साथ द्यायची. आणि अधूनमधून रोटेशनमध्ये जा. दुसऱ्याबरोबर नाचून परत आलात की आपला माणूस बरा वाटतो.

यूट्यूबवरून शिकता येईल का?

पावलं शिकता येतील. पकड नाही.

बडोद्यात नाइटक्लब कुठे? दारूबंदीत हे नाच कसे चालतात?

उत्तम चालतात. गुजरात १९६० मध्ये वेगळं राज्य झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे, त्यामुळे आपल्याकडच्या सोशल संध्याकाळी हॉलमध्ये, कॅफेत, कुणाच्या मोठ्या गच्चीवर, लिंबू सरबत आणि पाण्याच्या बाटल्यांवर होतात. याचा शिकणाऱ्यांना फायदाच आहे. नाचायला आलेला माणूस नाचायलाच आलेला असतो, तोल शाबूत असतो, आणि एकट्या बाईला संध्याकाळी यायला कमी भीती वाटते. साल्सा-बचाटासाठी लागतं काय, तर बरी फरशी, बरे स्पीकर आणि एकमेकांना नावानं ओळखणारी वीस-पंचवीस माणसं.

चांगला वर्ग कसा ओळखावा?

पैसे भरायच्या आधी एक वर्ग बसून बघा. शिक्षक नवख्यांबरोबर स्वतः नाचतात का, लीड आणि फॉलो दोघांनाही शिकवतात का, की फक्त पुरुषांना फिगर दाखवून बायकांना ‘त्यांच्यामागे जा’ म्हणतात? तक्रार कुणाकडे करायची हे आधीच सांगतात का? पहिल्याच दिवशी वर्षभराची फी मागत असतील तर थांबा. आणि वर्गातल्या जुन्या मुलींशी, बायकांशी बोला. त्यांच्याइतकं खरं कुणी सांगणार नाही.

पहिल्यांदा सोशलला जातोय. काय लक्षात ठेवू?

आंघोळ करून जा, आणि उन्हाळ्यात जास्तीचे दोन शर्ट आणि नॅपकिन बरोबर ठेवा. मे महिन्यात बडोद्यात एक शर्ट दोन गाण्यांत भिजतो. कांदा घातलेली सेवउसळ सोशल झाल्यावर खा.

नाचायला विचारताना समोर जाऊन, तोंडानं विचारा. हात धरून ओढू नका. ‘नाही’ आलं तर हसून ‘ठीक आहे’ म्हणा, कारण विचारू नका. नाही म्हणायचा हक्क सगळ्यांना आहे, बायकांना आणि पुरुषांनाही, आणि त्यासाठी सबब शोधावी लागू नये. फ्लोअरवर कुणालाही शिकवू नका, अगदी चूक डोळ्यांना दिसत असली तरी. कुणाला धक्का लागला तर दोघांनीही हात वर करून माफी मागा आणि पुढे चला. वॉल्ट्झ लागला असेल आणि तुम्हाला थांबून बोलायचं असेल तर बाजूला या, मध्ये उभे राहू नका.

नवे असाल तर ‘मी नवीन आहे’ एवढं सांगा. जुनी मंडळी मग सोपं नाचतात. आणि ज्यांना नाचता येतं त्यांच्यासाठी माझी एक विनंती आहे: प्रत्येक सोशलला किमान दोन गाणी भिंतीला टेकून उभ्या असलेल्या नव्या माणसासाठी ठेवा. तुम्हालाही कुणीतरी पहिल्या दिवशी असंच बोलावलं होतं.